कारंज्यात, भर मे महिन्यात

मूर्तिजापूरला रेल्वेतून उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. चूक तिथेच झाली. मे महिन्यात वऱ्हाडात दहा वाजता घराबाहेर पडायचं नसतं, कामं उरकून घरी परतायचं असतं. कारंज्याच्या एसटीच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. मी माझी उघडायला गेलो, तर शेजारच्या आजोबांनी हात धरला. "राहू द्या भाऊ. थ्यातून वारा नाही येत, आग येते. डोक्याले दुपट्टा बांधा पयले." माझ्याकडे दुपट्टा नव्हता, टोपी होती. टोपीकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही.

गावाचं नाव कारंजा, पाटीवर पुढे 'लाड'. वाशिम जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. दत्तसंप्रदायातल्या नृसिंहसरस्वतींचं हे जन्मस्थान, त्यामुळे आधी गुरुमंदिर. आत पादुका आहेत. हे बाळ मुंज होईपर्यंत 'ॐ'शिवाय दुसरं काही बोललंच नाही, अशी कथा आहे. या उन्हात जन्मलं असेल तर मला त्यात फारसं नवल वाटत नाही.

खरी परीक्षा बाहेर होती. चपला मी रस्त्याच्या पलीकडे, झाडाच्या सावलीत काढल्या होत्या. तासाभरात सावली सरकली होती. वीसेक पावलं मी अक्षरशः नाचत गेलो, आणि चपलेत पाय घातला तर ती तव्यासारखी तापलेली. फुलं विकणाऱ्या मावशींनी हारांवर शिंपडायच्या बादलीतलं तांब्याभर पाणी माझ्या पायांवर ओतलं. "कुठलचे तुम्ही?" ठाण्याचा, म्हणालो. "मंग बरोबर," त्या म्हणाल्या.

जैनांची इथे तीन जुनी दिगंबर मंदिरं आहेत, साधूंच्या तीन परंपरांच्या नावांची: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. कधीकाळी इथे भट्टारकांच्या, म्हणजे दिगंबर मठाधिपतींच्या, गाद्या होत्या. काष्ठासंघाच्या मंदिरातल्या लाकडी कोरीवकामासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. खरं सांगायचं तर निम्मा वेळ गारव्यासाठी. पण या मंदिरांतल्या पोथ्यांची गोष्ट मोठी आहे. अपभ्रंश या जुन्या भाषेतले कित्येक ग्रंथ इथल्या भांडारांत टिकून राहिले, आणि अमरावतीला प्राध्यापक असलेल्या हिरालाल जैन यांच्यासारख्या अभ्यासकांनी 1930च्या दशकात त्यातले काही संपादित करून छापले. शेजारच्या गल्लीत मात्र कुत्रंसुद्धा नव्हतं.

दोन वाजता तर गाव मध्यरात्रीसारखं झालं. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, आतून कूलरची घरघर. भिजलेल्या वाळ्याचा वास रस्त्यापर्यंत यायचा आणि तिथेच विरायचा. उघडी होती ती एक रसवंती. दोन ग्लास रस पिऊन मी तिथल्याच बाकड्यावर चक्क झोपलो. कुणी उठवलं नाही.

चार वाजून गेल्यावर कारंज्याच्या स्टेशनाकडे गेलो. यवतमाळ-मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरची अरुंद रुळांची लाईन, लोकांची लाडकी शकुंतला. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे आणि पुढे मँचेस्टरला जावा म्हणून एका ब्रिटिश कंपनीनं ती टाकली. गेली काही वर्षं गाडी बंद आहे. रुळांमध्ये वाळलेलं गवत, आणि त्यात तोंड घालून दोन शेळ्या.

सहानंतर गाव उठलं. अंगणात सडे पडले, बाजा बाहेर आल्या, दिल्ली वेशीजवळ पोरांचं क्रिकेट सुरू झालं. चहाच्या टपरीवर मी कस्तुरीची गोष्ट काढली. एका धनिकानं उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेतली आणि वाड्याच्या गाऱ्यात कालवली, अशी दंतकथा आहे.

"खरं हाय," टपरीवाले म्हणाले. "पाणी पडलं का भिंतीले वास येते म्हणतात."

"तुम्ही घेतलाय?"

त्यांनी चहा गाळला, कप पुढे सरकवला. "आमाले तं मातीचाच आला बा."