पाल्पातील साक्षरता वर्गाचा निरोप घेताना

नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यात, तानसेनजवळच्या एका गावातील महिलांच्या साक्षरता वर्गात स्वयंसेविका म्हणून काम करून मी नुकतीच जालन्याला परतले. तेथे कसे जावे, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. तेथून निघावे कसे, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्याची तयारी पहिल्या आठवड्यापासूनच करावी लागते.

प्रवासाचे थोडक्यात सांगते. मराठवाड्यातून मनमाड गाठावे, तेथून रेल्वेने गोरखपूर आणि पुढे बसने सोनौली. सीमा पायी ओलांडली की पलीकडच्या बेलहियाहून भैरहवा, बुटवलमार्गे तानसेनला जाता येते. भारतीयांना व्हिसा लागत नाही; मात्र आधार कार्डावर विसंबून न राहता पारपत्र किंवा मूळ मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. भारतीय १०० रुपयांना नेपाळी १६० रुपये हा दर ठरलेला आहे.

देवनागरी येते म्हणून शिकवणे सोपे जाईल, असे समजून जाऊ नये. नेपाळी पुस्तकांतील ल, श, झ ही अक्षरे आणि ५, ८, ९ हे अंक आपल्या वळणाहून वेगळे दिसू शकतात, आणि नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला तेवढा फरकही गोंधळात टाकतो. म्हणून फळा स्थानिक शिक्षिकेच्या, म्हणजे तेथे ज्यांना सहजकर्ता म्हणतात त्यांच्याच हाती असावा आणि आपण वहीपाशी बसून सराव करून घ्यावा, हे उत्तम. याचा खरा फायदा निरोपाच्या वेळी कळतो: वर्ग आधीपासून तिचाच असेल, तर आपल्या जाण्याने तो पोरका होत नाही.

२०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळमधील पुरुषांची साक्षरता ८३.६ टक्के, तर महिलांची ६९.४ टक्के आहे. आमच्या वर्गातील बहुतेक जणी चाळिशी ओलांडलेल्या होत्या आणि अनेकींच्या घरचे पुरुष आखाती देशांत किंवा मलेशियात कामाला होते. एकीने पैसे आल्याची पावती वर्गात आणली, तिच्यावरचा क्रमांक बोट ठेवून एकेक अंक मोठ्याने वाचला आणि मग, शेजारच्या दुकानदाराकडून खात्री करून घ्यायची गरज उरली का, असे सहजकर्ता बाईंना रोखठोक विचारले. अशा बाईला निरोपाच्या भाषणापेक्षा आपल्यानंतर कोणत्या दिवशी, कोणत्या धड्यापासून वर्ग पुढे चालणार, हे कळणे महत्त्वाचे असते.

निघण्याची तारीख लवकर सांगावी, आणि ती विक्रम संवताच्या महिन्यातील ‘गते’, म्हणजे तेथील तारीख, सांगून, कारण इंग्रजी तारखेचा तेथे बहुतेकींना अंदाज येत नाही. असारातील, म्हणजे आषाढातील, भातरोपणीच्या किंवा दसैं-तिहारच्या, म्हणजे तेथील दसरा-दिवाळीच्या, सुट्टीत निघणे टाळावे. ऊसतोडीचा हंगाम लागला की वर्ग कसे रिकामे होतात, हे बीड-जालन्यात काम केलेल्यांना ठाऊक आहे. खंडानंतर बाया परत येतात, तेव्हा ओळखीचा माणूस नसेल तर काही जणी उंबऱ्यावरूनच माघारी फिरतात. त्यापेक्षा वर्ग भरात असताना शेवटचे काही दिवस मागे नुसते बसून राहावे आणि मग निघावे.

निरोपाला झेंडूच्या माळा आणि टीका, म्हणजे कपाळाला लावायचा लाल टिळा, असतो. आमच्या वर्गात काही एकल महिला, म्हणजे विधवा, होत्या आणि लाल रंगाच्या बाबतीत त्यांची अडचण आपल्याकडच्या हळदीकुंकवासारखीच असते. त्यांपैकी एक वयस्क आमा (नेपाळीत आई) भिंतीला टेकून उभ्या होत्या. सहजकर्ता बाईंनी काही न बोलता ताट प्रथम त्यांच्या हातात दिले. त्यांनी क्षणभर इतरांकडे पाहिले आणि मग माझ्या कपाळाला टीका लावला. म्हणूनच तुळजापूरचे कुंकू भेट म्हणून नेण्याचा मोह, कितीही भक्तिभावाचा असला, तरी आवरावा. वह्या, पेन्सिली आणि मोठ्या अक्षरांचे तक्ते वर्गाच्या नावे द्यावेत. एकीला वेगळी भेट देऊ नये. त्यांनी पाल्पाली ढाक्याचे, म्हणजे पाल्पातील ‘ढाका’ नावाच्या नक्षीदार विणीच्या कापडाचे, वस्त्र दिले, तर मात्र नाकारू नये.

‘पुढच्या वर्षी येते’ हे वाक्य आपल्या जिभेवर फार सहज येते. तिकीट हाती नसेल तर ते उच्चारू नये. छायाचित्रे प्रत्येकीला विचारूनच घ्यावीत, आणि नंतरचा संपर्क सहजकर्ता बाईंमार्फत, शक्यतो लिहिलेल्या संदेशांतून ठेवावा. आवाजी संदेश सोपा खरा, पण मग वाचण्याची गरजच उरत नाही.

परतीचे आरक्षण करताना एक दिवस राखून ठेवावा. बुटवल-पाल्पा रस्त्यावर सिद्धबाबा परिसरात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि वाहने तासन्‌तास अडकतात. त्यामुळे निरोपाच्या दुसऱ्याच दिवशी गोरखपूरहून सुटणारी गाडी धरण्याचा बेत आखू नये.