डावा कान : नौपाडा ते वाशी आणि परत

आधी निकाल सांगते. एका कानाचं ऐकणं दोन-तीन दिवसांत गेलं असेल तर ‘मळ असेल’ या वाक्यावर विसंबू नका. मी विसंबले आणि सहा दिवस कानात थेंब घालत बसले. ते वाक्यही ओळखीच्या डॉक्टरांनी कानात न बघता, फोनवर ऐकवलेलं.

सुरुवात वहिनीच्या फोनने झाली. मी तीनदा ‘रेंज नाहीये गं’ म्हणून फोन ठेवला. चौथ्यांदा चुकून उजव्या कानाला लावला, तर ती माझ्यावर खणखणीत ओरडत होती.

सातव्या दिवशी ठाण्यात, नौपाड्याच्या कान-नाक-घसावाल्यांकडे गेले. कान स्वच्छ. त्यांनी ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवला आणि विचारलं, आवाज कुठे येतोय? उजवीकडे. ‘मळ असता तर डावीकडे आला असता. हे आतल्या नसेचं दिसतंय.’ अशा वेळी स्टेरॉइड जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत. म्हणजे निम्मी मुदत मी थेंबांत घालवली होती.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, सोपी असते म्हणतात. दुखत नाही, एवढंच खरं. बंद खोलीत बसायचं, ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. डावा कान तपासताना उजव्यात मुद्दाम खरखर सोडतात, म्हणजे चांगला कान मध्ये चोंबडेपणा करणार नाही. मी नापास व्हायच्या भीतीने वाटेल तेव्हा बटण दाबत होते. बाई म्हणाल्या, ‘ताई, इथे पास व्हायचं नसतं.’ कागदावर उजव्या कानाचे लाल गोल वर सरळ रांगेत, डाव्याच्या निळ्या फुल्या जिना उतरून तळाला. तो कागद मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले, सिग्नलला काढून बघायचे. तसलं करू नका.

नसेवर गाठ नाही ना, हे बघायला एमआरआय. अशी गाठ सापडली तरी बहुधा कर्करोगाची नसते आणि हळू वाढते, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मी फक्त ‘गाठ’ ऐकलं. वाशीतल्या सेंटरला फोनवर दर विचारला, साडेसहा हजार. ट्रान्स-हार्बर लोकलने गेले, खिडकी मिळाली, ते असो. काउंटरवर कॉन्ट्रास्टचे (चित्र स्पष्ट यावं म्हणून टोचतात ते औषध) अडीच हजार वेगळे, क्रिएटिनिनचे (त्याआधीची किडनीची रक्ततपासणी) वेगळे, फिल्मचे वेगळे. चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्ट’ स्पष्ट लिहिलेलं आणि ती मी आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर पाठवलेली! भांडले. फिल्मचे चारशे सुटले. तुम्ही ‘सगळं धरून किती’ असं विचारा आणि उत्तर मेसेजवर मागा. पिना, मंगळसूत्र घरी ठेवा, स्वेटर न्या. मशीन धडाधड वाजतं, तेव्हा दोन्ही कानांत बोळे घाला. ‘बहिऱ्या कानाला कशाला’ असा कंजूषपणा मी करणार होते, आतल्या माणसाने रागावून घातला.

आता सगळ्यात वाईट टप्पा. एमआरआय शनिवारी काढला, रिपोर्टची लिंक रात्री अकराला आली, डॉक्टर सोमवारी. गाठ नाही, असं लिहिलेलं होतं. पण खाली रक्तवाहिनीचा ‘लूप’ नसेजवळ दिसतो अशी एक ओळ. त्या लूपने माझे दोन दिवस खाल्ले. सोमवारी डॉक्टर म्हणाले, काहीही त्रास नसलेल्या कितीतरी जणांत तो दिसतो. अर्ध्या मिनिटात विषय संपला. म्हणून शनिवारी एमआरआय काढूच नका. आधी डॉक्टरांची वेळ घ्या, मग मशीनची.

त्या दोन दिवसांत कानाजवळ बोटं चोळून ऐकू येतंय का बघायचा नाद लागला. यांनी मोजलं, एका संध्याकाळी चौदा वेळा. आता सकाळच्या चहानंतर एकदाच, हा नियम यांनीच घातला. मी तो एकदा मोडते. रात्रीची तगमग मात्र निम्मी गोळ्यांची होती. स्टेरॉइडने झोप उडते, म्हणून ते सांगितल्याप्रमाणे सकाळी नाश्त्यानंतरच घ्या, आणि शुगर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. उजव्या कुशीवर झोपले की घर मुकं होतं आणि डाव्यातली शिट्टी तेवढी उरते. डाव्या कुशीवर झोपायचं, पंखा चालू ठेवायचा.

कारण अजून सापडलेलं नाही. अशा केसेसमध्ये बहुतेकदा सापडतही नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून मला बरं का वाटलं, कळत नाही.

गुरुवारी पुन्हा ऑडिओमेट्री. ठाणे स्टेशनबाहेर, सॅटिसच्या पुलाखाली एकटीने रस्ता ओलांडू नका, हॉर्न कुठून येतोय ते एका कानाला कळत नाही. रिक्षात मी डाव्या कडेला बसते, म्हणजे हे उजवीकडे येतात आणि ‘काही होणार नाही’ हे त्यांना दोनदा म्हणावं लागत नाही.