बोल्टला पॉलिश नको होतं

"मिस्त्री, बोल्ट लई खरखर करतोय, जरा पॉलिश मारून द्या की" असं म्हणत मोहोळकडचे एक काका मे महिन्यात भर दुपारी रायफल घेऊन दुकानात आले. बोल्ट म्हणजे नळीमागं मागंपुढं सरकणारा लोखंडी दांडा, तो काडतूस आत ढकलतो न् नळी मागून बंद करतो. सोलापूरचा मे म्हणजे हातात घेतलेलं लोखंड पण चटका देतं. आमचं बंदूक दुरुस्तीचं लायसनवालं दुकान, त्यामुळं आधी काकांचं लायसन बघितलं, नंबर जुळवला, रजिस्टरला नोंद केली, मॅगझिन काढून, बोल्ट उघडून चेंबरमध्ये म्हणजे काडतूस बसायच्या जागेत बोट घालून रिकामं असल्याची खात्री केली, मगच कामाला हात लावला.

रायफल म्हणजे आपली सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची, आम्ही म्हणतो तीनशे पंधरा. ॲक्शन, म्हणजे बोल्ट न् त्याची सगळी यंत्रणा, जुन्या ली एनफिल्ड ह्या ब्रिटिश लष्करी रायफलीची. वडिलांनी शिकारीसाठी घेतलेली म्हणे, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद होत गेली, आता रानडुक्कर मक्यात घुसलं तरी वनखात्याची परवानगी लागते. त्यामुळं बहुतेक वेळ ती ट्रंकेतच असते.

बोल्ट मागं ओढला तर जात्यात खडा आल्यासारखा आवाज. काकांना गावातल्या लेथवाल्यानं सांगितलेलं की इंजिनचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा आणि शंभर-दोनशे वेळा मागंपुढं करा, आपोआप गुळगुळीत होतंय. हा सल्ला ऐकला की माझं डोकंच फिरतं ओ. पेस्टला काय कळतंय कुठं घासायचं न् कुठं नाही? बोल्ट बंद झाल्यावर त्याला अडकवून धरणारे जे कान असतात, ज्यांच्यावर गोळीचा सगळा धक्का येतो, ते पण घासले जातात, मग काडतुसाच्या बुडामागची फट वाढते आणि एखाद दिवशी पितळ फाटून गॅस तोंडाकडं येतो.

मी बोल्ट काढला. ह्या ॲक्शनमध्ये बोल्ट पूर्ण मागं घेऊन त्याचं पुढचं डोकं वर फिरवलं की तो बाहेर येतो. आत बघतो तर तेल वाळून चिकट पिवळा थर झालेला, घरात जे असेल ते तेल ओतायची लोकांना सवयच आहे, गोडंतेल सुद्धा! रॉकेल आणि ब्रशनं सगळं धुतलं, पुसलं, परत बसवला. निम्मी खरखर गेली पण मागं ओढताना एक ओढ राहिलीच.

मग बोल्टवर काजळाचं बोट फिरवलं, हळू मागंपुढं केला, काढून टॉर्च मारला. डाव्या अंगाला काजळ खरवडून सरळ चकचकीत रेघ. म्हणजे आत काहीतरी टोचत होतं. रिसिव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या खोक्याच्या, डाव्या भिंतीवर कुणीतरी दुर्बीण लावायला माउंट बसवलेलं, त्याचा एक स्क्रू लांब झालेला आणि टोक आत डोकावत होतं, अर्धा मिलिमीटर पण नसेल. स्क्रू काढला न् बोल्ट सरकला की सरळ! काकांनी स्वतः चार वेळा ओढून बघितला, म्हणाले "हे काय, एवढंच होतं व्हय?"

एवढंच नव्हतं. स्क्रूनं पाडलेल्या चऱ्याच्या काठाला कस, म्हणजे लोखंडाची बारीक धारदार कडा, उभी राहिली होती, बोट फिरवलं की लागायची. ती बारीक ऑइल स्टोननं, तेल लावून, बोल्टच्या लांबीच्या दिशेनं हलकी मोडली. फक्त उभी कस, चरा तसाच ठेवला, तो घालवायच्या नादात अंगच कमी होतं. स्क्रूच्या भोकाच्या आतल्या कडेला पण तसंच. कानांना, बोल्टच्या तोंडाला हात नाही. शेवटी फडक्यावर थोडं मेटल पॉलिश, परत धुणं आणि मशीनच्या तेलाचा पुसटसा हात, जास्त तेल म्हणजे आपल्याकडच्या धुळीला आमंत्रणच.

डमी काडतुसं भरून बघितली. ह्या काडतुसाला बुडाशी कडा असते, वरच्याची कडा खालच्याच्या पुढं नसली की अडकतंय, ते काकांना भरून दाखवलं.

तरी त्यांची एक तक्रार होतीच, बोल्ट पुढं ढकलताना शेवटी जड लागतो, स्प्रिंग थोडी कापा. म्हटलं काका, ही ॲक्शन बंद होताना कॉक होते, म्हणजे गोळी मारायला तयार होते, स्प्रिंग तिथंच दबते, तो जोर असणारच. कापली तर काडतुसावर आपटणारी पिन हलकी बसणार आणि डुक्कर समोर असताना गोळी न सुटता नुसतं टिक वाजणार. पटलं का नाही देव जाणे, पण गप्प बसले.

माउंट वेगळं पिशवीत बांधून दिलं, आखूड स्क्रू मिळाले की दुर्बीण परत बसवू म्हणून सांगितलंय, आणि तोवर लेथवाल्याकडं जाऊ नका हे पण.