'अजून' एक, इंग्रजीत दोन

"पाऊस आला का अजून?" आणि "पाऊस आहे का अजून?" दोन्हीकडे 'अजून' तोच, आला की आहे, यावरून आपल्याला अर्थ लागतो. इंग्रजीत मात्र शब्दच बदलतो. 'इज इट रेनिंग येट?' विचारणारा पावसाची वाट बघतोय. 'इज इट स्टिल रेनिंग?' विचारणाऱ्याला तो थांबायला हवाय. कोथरूडमध्ये पहिला प्रश्न जूनच्या सुरुवातीचा, दुसरा ऑगस्टातला.

खरी गंमत नकारात आहे, कारण तिथे दोन्ही चालतात. 'आय हॅवन्ट रिसीव्ह्ड द फाइल येट' ही नुसती माहिती. 'आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड द फाइल' म्हटलं की कपाळावरची आठी दिसते. मराठीत हे काम एक 'ही' करतो: फाइल अजून आली नाही, फाइल अजूनही आली नाही. तो 'ही' मनात ऐकू आला तर स्टिल. हिंजवडीतून क्लायंटला पहिलंच स्मरणपत्र जात असेल तर येट बरा.

जागाही चुकतात. नकारी वाक्यात स्टिल 'हॅवन्ट'च्या आधी बसतो. 'आय हॅवन्ट स्टिल रिसीव्ह्ड' हे कानाला खटकतं. येट बहुधा वाक्याच्या शेवटी. होकारी वाक्यात स्टिल 'इज'नंतर, पण साध्या क्रियापदाच्या आधी: 'शी इज स्टिल इन पुणे', 'शी स्टिल लिव्ह्ज इन पुणे'. 'स्टिल नाऊ' हे जोडकाम आपलं देशी. नुसता स्टिल पुरतो.

काळ सांभाळा. 'द बस डिडन्ट कम येट' अमेरिकी बोलण्यात खपतं, ब्रिटिश वळणाच्या परीक्षेत 'हॅजन्ट कम येट'च लिहावं. भूतकाळातली गोष्ट असेल तर 'हॅडन्ट': पुणे मेट्रो मार्च 2022 मध्ये सुरू झाली, तेव्हा ती स्वारगेटला पोचली नव्हती (पोचली सप्टेंबर 2024 मध्ये). म्हणून 'इन 2022 द मेट्रो हॅडन्ट रीच्ड स्वारगेट येट'.

'आय हॅव येट टु पे' म्हणजे पैसे द्यायचे बाकी आहेत. नकार त्यातच आहे, वर 'नॉट' घालू नका.

राहिला 'अजून एक चहा'. तिथे 'अजून' म्हणजे आणखी, म्हणून 'वन मोअर टी'. 'येट अनदर मीटिंग' असंही म्हणतात, पण तिथे एरवी शांत असलेला येटच वैतागतो: झालं, आणखी एक मीटिंग!