दहापैकी आठ

“कितना आ गया बेटा उर्दू?” चाचांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं, “दहापैकी आठ.”

तेव्हा शिकायला लागून सहा महिने झाले होते. माझं लहानपण परभणीत गल्लीतल्या पोरांशी दखनी उर्दू बोलत गेलं, त्यामुळे कान तयार होता. लिपी तेवढी नवीन. बालभारतीचं पहिलीचं उर्दूचं पुस्तक अडखळत का होईना संपवलं होतं.

चाचांनी मीच नेलेला आजोबांच्या शेताचा कागद पुढे सरकवला. १३५० फसलीचा, म्हणजे १९४०-४१ च्या सुमाराचा. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चालायचा.

“पढो.”

त्यात मला आजोबांचं नावही सापडेना. छापील अक्षरांत खाली एक नुक्ता, म्हणजे टिंब, असला की बे, खाली तीन असले की पे, वर दोन असले की ते. इथे कारकुनानं घाईघाईत शिकस्ता, म्हणजे भरभर लिहायच्या वळणात, लिहिताना नुक्तेच गाळलेले, अक्षरं एकमेकांत ओढलेली. ऱ्हस्व स्वर तर उर्दूत एरवीही सहसा लिहीत नाहीत. दहा मिनिटांत ‘मौजा’, म्हणजे गाव, एवढा एकच शब्द लागला.

मग चाचांनी वहीत प्रश्न लिहून दिले. गल्लीतलं बोलणं कळतं? हो. दुकानाची पाटी वाचता येते? हो. छापील धडा? हळूहळू. हातानं लिहिलेला कागद? नाही. युरोप परिषदेनं २००१ साली भाषा किती येते हे ठरवायला ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांची चौकट छापली, तिचीही रीत हीच आहे: नेमकं काय करता येतं ते विचारायचं. ‘किती येतं’ला मी मनानं आकडा दिला होता. ‘हे येतं का’ला तसा देता आला नाही.

उलटी गत आमच्या वहिनींची. माहेर निजामाबादचं, घरात तेलुगू. देगलूरला नांदून बारा वर्षं झाली तरी म्हणतात, “मला मराठी कुठं येतंय भाऊजी.” पोराला ताप कधी चढला, कधी उतरला, औषध कोणतं ओकलं, सगळं डॉक्टरला मराठीत सांगून येतात. पण लग्न झाल्या झाल्या त्या “माझा भाकर” म्हणाल्या आणि पंगत हसली. तेच धरून बसल्यात. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. पुढच्या खेपेला त्यांनाही असेच प्रश्न लिहून देणार आहे.

मागच्या रविवारी कागदात ‘वल्द’, म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’ सांगणारा शब्द, लागला. त्याच्या आधीचं नाव आजोबांचं. वहीत त्या प्रश्नापुढे ‘नाही’ तसंच ठेवलंय, पण नाव मी वाचलं.