जाताना आठ, येताना सात

दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ विचारला, की संगणक क्षणात दोन आकडे समोर ठेवतो. लंडन ते न्यूयॉर्क म्हणाल तर साधारण ५,५४० किलोमीटर आणि साडेसहा-पावणेसात तास. पहिल्या आकड्याशी माझं भांडण नाही. दुसरा मात्र बहुतेकदा अंतराला ताशी ९०० ने भागून, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास टाकून काढलेला असतो. खरं वेळापत्रक जाताना आठेक तास सांगतं आणि येताना सातेक. शहरं तर कुठे हलली नाहीत!

हलते ती हवा. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान झोत वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते हेच. हिवाळ्यात त्यांना विशेष जोर चढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान असा झोत पाठीशी घेऊन ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,२०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी ध्वनीच्या वेगाची मर्यादा काही ओलांडली नाही, कारण भोवतालच्या हवेच्या हिशेबात ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. विमान हवा कापतं. किलोमीटर आपण मोजतो.

मग जाताना गमावलेलं येताना मिळतंच की, असं वाटतं. मिळत नाही. ५,४०० किलोमीटरचं अंतर, विमान ताशी ९०० चं, वारा १५० चा. वारा नसता तर जाऊन-येऊन बरोबर बारा तास. वाऱ्याविरुद्ध ७ तास १२ मिनिटं, वाऱ्यासोबत ५ तास ९ मिनिटं. म्हणजे २१ मिनिटं गेलीच! उलटा वारा जास्त वेळ सोसावा लागतो, सुलटा लवकर संपतो. शाळेत होडी आणि प्रवाहाची गणितं घालायचे, ती अशी आभाळात भेटतील असं वाटलं नव्हतं.

मला सर्वांत आवडतो तो दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचा किस्सा. २०१६ मध्ये एअर इंडियाने ही फेरी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट हजारभर किलोमीटरनी लांबली आणि प्रवास मात्र लवकर आटोपू लागला, कारण वारा पाठीशी आला. याच्या उलट हेलसिंकी–टोकियो. २०२२ मध्ये युरोपीय विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. संगणकाला विचाराल तर अंतर अजूनही तेवढंच.

शिवाय तिकिटावरचा वेळ नुसता उडण्याचा नसतोच. विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा तो असतो. धावपट्टीकडची रांग त्यातच आणि उशिराची थोडी तजवीजही.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी जेमतेम २.७ किलोमीटरची विमानफेरी आहे, जगातली सर्वांत छोटी. वेळापत्रकात तिला दोन मिनिटं दिलेली आहेत. वाऱ्याची मर्जी असताना ती ५३ सेकंदांत संपल्याची नोंद आहे.