खर्जातला गंधार आणि ३५०ची रेघ

सोमवारी रात्री पावणेदोनला आईला उठवून तिच्या कानाला हेडफोन लावला. दहा सेकंद ऐकून ती म्हणाली, "तानपुरा आहे. झोप आता." आणि कूस बदलली. म्हणून हा आनंद तुमच्याकडे घेऊन आलेय. तुम्ही निदान महिनाभर माझी रडगाणी वाचलीत.

खर्जातला, म्हणजे तानपुऱ्याच्या सर्वांत खालच्या 'सा'च्या तारेतला, गंधार ('ग') परत आला. कुणीही न छेडलेला, जवारीतून (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला घासून आणलेल्या गोलाईतून) आपोआप उमटणारा तो स्वयंभू गंधार. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो पहिल्या दिवसापासून होता, मीच त्याला मारत होते.

मागच्या नोंदीत गोष्ट कुठे अडली होती ते आठवत असेल. अभ्यासक्रमाच्या फिल्मसाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन तिथल्या कारागीर चाचांचं जवारीचं काम टिपलं, घरी येऊन आवाज साफ करायला बसले, तर तानपुराच साफ झाला. त्यातली पहिली चूक तेव्हाच कळली होती. नॉइज रिडक्शनसाठी 'शांततेचा' नमुना म्हणून जो तुकडा उचलला, त्यात खर्जाची तार अजून विरत होती. ऑडॅसिटीला (आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरला) मीच सांगितलं की हा सूर म्हणजे गोंगाट, आणि तिनं आज्ञा पाळली. वर्गात सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "जागेचा रिकामा आवाज तीस सेकंद घ्या, मगच कामाला हात घाला." मी वहीत लिहून घेतलं होतं, खाली दोन रेघा मारून. गल्लीत पोहोचल्यावर मात्र वही पिशवीत आणि पिशवी चहाच्या कपाखाली.

ती चूक सुधारल्यावर उरली ती धडधड. खर्ज लागला की वर कुठेतरी वाँव-वाँव-वाँव. दहा सेकंदांत पस्तीस ठोके, मी बोटं मोडून मोजले होते. आधी पंख्याला दोष दिला, मग माइकला, आणि शेवटी (लिहायला लाज वाटते) चाचांच्या जवारीला. फोनवर भीतभीत विचारलं, घोडीवर तारेखाली घातलेला दोरा जरा सरकला असेल का? ते म्हणाले, "दोरा जागेवर आहे, पोरी. तुझ्याकडचंच काहीतरी हलतंय." पन्नास वर्षं कानसनं घोडी घासणाऱ्या माणसाला मी हे विचारत होते.

आता मुख्य शोध. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातल्या वारंवारतांच्या चित्रात) त्या जागी मला एकच जाड रेघ दिसायची. सोमवारी उगाच चाळा म्हणून विंडो साइज (एका वेळी किती नमुने मोजायचे तो आकडा) २०४८ वरून ३२७६८ केली आणि रेघ फाटली! एकीच्या दोन झाल्या. हिशोब सोपा आहे: ४८००० हर्ट्झच्या रेकॉर्डिंगला २०४८ भागात बघितलं तर एकेक घर तेवीस हर्ट्झचं होतं, त्यात दोन शेजारी एकच दिसणार. ३२७६८ ला घर दीड हर्ट्झचं होतं. जेमतेम, पण वेगळे दिसतात.

तानपुरा काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेला. षड्ज १३८.६ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा ६९.३, त्याची पाचपट म्हणजे गंधार ३४६.५. आणि आपली वीज ५० हर्ट्झची, तिची सातपट ३५०. फरक साडेतीन. जवळचे दोन सूर एकत्र वाजले की फरकाइतके ठोके ऐकू येतात: सेकंदाला साडेतीन ठोके, दहा सेकंदांत पस्तीस. मी मोजत होते ते विजेचे आणि गंधाराचे भांडणच!

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. विजेची हम (गुणगुण) घालवायला मी ३५० वर नॉच फिल्टर (ठरावीक वारंवारता कापणारी चाळणी) लावत होते, पण क्यूकडे, म्हणजे तो काप किती अरुंद हे ठरवणाऱ्या आकड्याकडे, लक्षच नव्हतं. त्या खिडकीत मुळात ६० हर्ट्झ आणि क्यू १ असतो. ६० हा अमेरिकेचा आकडा, तो बदलायचं मला सुचलं, क्यू बदलायचं नाही. ३५० ला क्यू १ म्हणजे साडेतीनशे हर्ट्झ रुंदीचा नांगर. क्यू ३० केला तरी रुंदी बारा हर्ट्झच्या आसपास, गंधार त्यातही सापडतो. क्यू १०० केला तेव्हा रुंदी साडेतीनवर आली. हम गेली, गंधार वाचला. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवतात, तिची सातपट केली तरी रेघ त्या फटीबाहेर जात नाही. ५०, १५० आणि २५० ला क्यू ३० पुरला, तिथे जवळ कुणी राहत नाही.

पण हम आली कुठून? काल घरी प्रयोग केला. लॅपटॉप चार्जरवर: रेघ हजर. चार्जर उपटला: रेघ गायब. गल्लीतल्या बोर्डाला तीन पिनचं भोक नव्हतं म्हणून मी रस्त्यावरून चाळीस रुपयांचा दोन पिनचा जोड घेतला होता, म्हणजे अर्थिंगच कापून टाकलं होतं. त्या दिवशी माइकवर केलेला खर्च ह्या चाळीस रुपयांनी पाण्यात घातला. कुणाला माइक घ्यायचा असेल तर आधी बॅटरी बघा, असं माझं मत झालंय. आमच्या अभ्यासक्रमाने चित्रांच्या जोडकामाला तीन आठवडे दिले आणि आवाजाला एक दुपार, हेही एकदा बोलून टाकते.

हे लिहितानाच एक कल्पना आली: परत रेकॉर्ड करायचंच आहे तर सूर पांढरी एकला उतरवायला सांगू. गंधार ३२७ वर येतो, ३५० पासून लांब. थांबा, पंचम बघते. खर्ज ६५.४, त्याची दीडपट ९८.१. विजेची दुप्पट १००. म्हणजे दोन हर्ट्झवर नवं भांडण. बरं, पांढरी दोन? गंधार ३६७, पंचम ११०, छान. पण जोडीचा (मधल्या दोन तारांचा) षड्ज १४६.८ आणि शेजारी १५०! सूर कुठेही न्या, ५० चा पाढा दारात उभाच. चाचांना विचारलं असतं तर "मशिनीसाठी सूर उतरवायचा?" एवढंच ऐकायला मिळालं असतं. कल्पना रद्द. वीजच नको. वर्गाचा झूम कंपनीचा रेकॉर्डर सेलवर चालतो, ओळखपत्र ठेवून एक दिवसासाठी मिळतो. माझ्या लॅपटॉपची बॅटरी पंचवीस मिनिटांत मान टाकते, त्यामुळे दुसरा मार्ग नाही.

मग आत्ता साफ केलेलं फेकायचं का? नाही. आता वाटतंय की फिल्मची सुरुवात धडधडीसकटच्या मूळ आवाजाने करावी, आणि चाचा कानस ठेवून तार छेडतात त्या क्षणी स्वच्छ आवाजावर यावं. जवारी लागणं म्हणजे काय हे पोटशीर्षकाने सांगायची गरजच उरणार नाही. अर्थात ही थोडी लबाडी आहे, कारण ती धडधड जवारीची नव्हतीच. ठरवते अजून.

पोटशीर्षकांतही एक लहानसा विजय. लॅबच्या जुन्या संगणकावर टाइप केलेलं सगळं जुन्या फॉन्टमध्ये होतं, माझ्याकडे उघडल्यावर नुसती किडे-मुंग्यांची रांग. पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केलं, मुक्त फॉन्ट लावला, तर 'तानपुऱ्या'चं प्रत्येक वेळी 'तानपुर्या'. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ऱ येतो हे मला ह्या वयात कळलं. एकोणीस ठिकाणी दुरुस्ती, एक भडंगाचा पुडा. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते वाक्य पडद्यावर येतं, तिथेच चूक राहिली असती तर गल्लीतून माझी वरातच निघाली असती.

रेकॉर्डर गुरुवारी मिळतोय. चाचा म्हणाले, दुपारी गल्ली निवांत असते तेव्हा ये, शुक्रवार मात्र सोड. चार सेल आणून ठेवलेत, दोन जास्तीचे. वही ह्या वेळी गळ्यात बांधून नेणार आहे.